नडगीचं हाड आणि पायदळाचं दार

आठ फुटी भिंत, पाठीवर पिठ्ठू, आणि ओलांडायची घाई. अमेरिकेच्या मरीन दलानं २०१५ साली केलेल्या मोठ्या चाचणीतलं हे एक काम. सुमारे तीनशे पुरुष आणि शंभर स्त्रिया, सगळे स्वेच्छेनं आलेले. नऊ महिने त्यांच्याकडून लढाईतली कामं करून घेतली. भिंतीपाशी पुरुष पिठ्ठू काढून वर भिरकावत आणि मागोमाग चढत. स्त्रियांना पिठ्ठू वर पोचवायला वारंवार कुणाचा तरी हात लागे. एकूण १३४ कामांपैकी ९३ कामांत निव्वळ पुरुषांच्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. हाडा-स्नायूंच्या दुखापती स्त्रियांत ४०.५ टक्के, पुरुषांत १८.८ टक्के.

आकडे जाहीर झाले आणि भांडण पेटलं. स्त्रियांना लढाऊ तुकड्यांत घेण्याचे विरोधक म्हणाले, विषय संपला. पण नौदलाचे मंत्री रे मेबस यांनीच या अभ्यासावर टीका केली. मुख्य आक्षेप असा, की चाचणीत सरासरी मोजली होती, व्यक्ती नव्हे. अमुक कामाला इतकी ताकद हवी, ती या जवानाकडे आहे का, हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या रेंजर स्कूलमध्ये, म्हणजे लढाऊ नेतृत्वाच्या खडतर अभ्यासक्रमात, वेगळाच निकाल लागत होता. एप्रिलमध्ये १९ स्त्रियांनी तो अभ्यासक्रम सुरू केला. ऑगस्टमध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेव्हर उत्तीर्ण झाल्या, ऑक्टोबरमध्ये लिसा जॅस्टर. लिसा तेव्हा ३७ वर्षांच्या, दोन मुलांच्या आई. निकष पुरुषांचेच होते. एकोणिसात तीन. हा आकडा फार मोठा म्हणता येत नाही आणि शून्यही म्हणता येत नाही. सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे.

सरासरीचा फरक नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीत हाताच्या पकडीवर झालेल्या एका अभ्यासात ९० टक्के स्त्रियांची पकड ९५ टक्के पुरुषांपेक्षा कमी भरली. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन साधारण दहा-बारा टक्क्यांनी कमी असतं, म्हणजे तितकाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त राबावं लागतं. दंड-खांद्यांच्या ताकदीतली तफावत पायांच्या ताकदीतल्या तफावतीपेक्षा बरीच मोठी असते. भिंतीवर पिठ्ठू अडतो तो याचमुळे.

पण ताकद कमावता येते. नव्वदच्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नॅटिक इथल्या संशोधन संस्थेनं काही स्त्रियांना २४ आठवडे खास तालीम दिली. वजन उचलणं, ओझं घेऊन चालणं, पळणं. सुरुवातीला त्यांच्यातल्या २४ टक्के लष्कराच्या ‘अतिजड’ कामांना पात्र ठरत होत्या, शेवटी ७८ टक्के. म्हणून ‘बायकांना जमत नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला की मी आधी विचारतो, किती महिन्यांच्या तालमीनंतर?

स्नायू ऐकतात. हाड मात्र सावकाश ऐकतं, आणि खरी अडचण हाडाचीच आहे. वयात येताना मुलांच्या हाडावर टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे बाहेरून थर चढत जातो. मुलींमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक बाहेरची वाढ आवरतं आणि आतल्या बाजूनं भर घालतं. परिणामी सारख्या उंचीच्या तरुण आणि तरुणीतही नडगीचं हाड तरुणीचं बारीक असतं. पोकळ बांबू जाड असेल तर वाकून सहजी मोडत नाही, तसाच इथला हिशेब आहे. हाडाचं माप सगळीकडून दहा टक्के वाढलं, तर वाकून मोडण्याला होणारा विरोध सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. फरक दिसायला थोडा, पण मैलोगणिक चालताना भारी पडतो.

त्यात हाडाची डागडुजीची तऱ्हा अशी, की आधी खोदकाम आणि मग भराव. सततच्या दणक्यांनी हाडात केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भागातलं जुनं हाड एका प्रकारच्या पेशी पोखरून काढतात, याला साधारण तीन आठवडे लागतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवं हाड घालतात, त्याला तीनेक महिने. म्हणजे प्रशिक्षण सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवख्याचं हाड आधीपेक्षा कमजोर झालेलं असतं, आणि नेमका तेव्हाच उस्ताद रूट मार्चचं अंतर वाढवतो. मग स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला भेग पडते. पुरुषांनाही होतं, पण त्याच प्रशिक्षणात स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत दुपटीहून जास्त आढळलं आहे. खाणं पुरेसं नसेल तर पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडाची झीज आणखी वाढते.

ब्रिटिश लष्करानं १९९८ च्या सुमारास समानता अगदी शब्दशः अमलात आणली. स्त्री-पुरुषांना एकच प्राथमिक प्रशिक्षण, कुठेही सवलत नाही. अतिश्रमाच्या दुखापतींमुळे सेवेतून कमी कराव्या लागलेल्या स्त्रियांचं प्रमाण ४.६ वरून ११.१ टक्क्यांवर गेलं. पुरुषांमध्ये ते आधीही आणि नंतरही दीड टक्क्याच्या आतच राहिलं.

यावर ‘बघा, सांगितलं होतं ना’ म्हणण्याआधी ऑस्ट्रेलियातल्या कपूका इथल्या भरती प्रशिक्षण केंद्राकडे पाहायला हवं. तिथे स्त्री रंगरुटांच्या ओटीपोटाखालच्या हाडाला, म्हणजे जघनास्थीला, भेगा पडत होत्या, आणि प्रमाण होतं ११.२ टक्के. कारण सापडलं ते कदमतालात. उंच पुरुषाच्या टापेशी टाप जुळवायची तर बुटक्या मुलीला प्रत्येक पाऊल स्वतःच्या नैसर्गिक पावलापेक्षा लांब टाकावं लागतं. दर पावलाला मांडीचे स्नायू त्या हाडाला ओढतात, आणि पाठीवर ओझं असतंच. उपाय चार होते. चालण्याचा वेग ताशी साडेसातवरून पाच किलोमीटरवर आणला, प्रत्येकीला आपापल्या टापेनं चालू दिलं, लांब धावण्याऐवजी टप्प्याटप्प्यानं धावणं ठेवलं, आणि धावायला मऊ जमीन दिली. प्रमाण उतरलं ०.६ टक्क्यांवर. नवं औषध किंवा यंत्र काही लागलं नाही.

माझ्या मते सगळी गफलत इथेच होते. निकष आणि तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमी साथीदाराला ओढून आणायचं तर त्याचं वजन ओढणाऱ्याचं लिंग विचारून कमी होत नाही, तेव्हा निकष एकच हवा. पण त्या निकषापर्यंत पोचायचा रस्ता सगळ्यांना एकाच वेगानं चालायला लावणं ही शिस्त नव्हे, आळस आहे. सरंजामाचंही तेच. पिठ्ठूचा कंबरपट्टा पुरुषी धडाच्या मापाचा असेल तर तो स्त्रीच्या नितंबाच्या हाडावर बसत नाही, आणि कमरेनं उचलायचं वजन खांद्यांवर येतं. स्त्रियांच्या मापाची चिलखतं अमेरिकी लष्करातही गेल्या दशकातच येऊ लागली.

आपल्याकडे हा वाद बराच काळ शरीरशास्त्रापेक्षा कोर्टातच लढला गेला. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्त्री अधिकाऱ्यांना परमनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या कायम सेवेचा, हक्क दिला. केंद्रानं मांडलेले ‘शारीरिक मर्यादां’चे आणि बाळंतपणाचे मुद्दे न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं फेटाळले. तो निकाल लढाऊ शाखांबद्दल नव्हता. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. तोफखान्यात २०२३ पासून स्त्री अधिकारी आहेत, लढाऊ विमानांत २०१६ पासून. पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिकी पायदळाची दारं मात्र बंदच आहेत. जवानांना बाईचा हुकूम रुचेल का, हा आवडता प्रश्न मी इथे सोडून देतो. नडगीच्या हाडाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

उद्या ही दारं उघडली तर आत येणाऱ्या मुलींची हाडं घडलेली असतील शाळेच्या वयात. आयुष्यभरातल्या जास्तीत जास्त अस्थिसंचयाचा बहुतांश भाग अठराव्या वर्षापर्यंत जमा झालेला असतो. त्यासाठी लागणाऱ्या पोषणाच्या बाबतीत आपली तयारी बेताचीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अमेरिकी नौदलानं पाच हजारांहून जास्त स्त्री रंगरुटांवर केलेल्या चाचणीत आठ आठवडे कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिलं, तर स्ट्रेस फ्रॅक्चर वीस टक्क्यांनी घटली. गोळ्यांचा खर्च किरकोळ.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत. पहाटे डांबरी रस्त्यावर, साध्या बुटांत, मुली मुलांच्या रांगेत पळताना दिसतात. ‘सर, नडग्या दुखतायत’ म्हटलं की ‘सवय होईल’ असं उत्तर मिळतं. दुखणं पळून झाल्यावर थांबत असेल तर होईलही. पण हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावं. सुरुवातीच्या एक्सरेत ती भेग बहुतेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्सरे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंतर वाढवण्याऐवजी कमी करावं, आणि डांबराऐवजी शाळेचं मातीचं मैदान मागून घ्यावं.