ओम मंडळी ते माउंट अबू: कारभार बहिणींच्या हाती कसा आला

ब्रह्माकुमारींच्या केंद्रात संदलीवर, म्हणजे शिकवणाऱ्याच्या आसनावर बसून मुरली, म्हणजे संस्थापकांचे प्रवचन वाचते ती बहुधा बहीणच. ही घडी बसली १९३७ साली, सिंधमधल्या हैदराबादेत. हिऱ्यांचे व्यापारी दादा लेखराज (पुढचे ब्रह्माबाबा) यांच्या सत्संगाला लोक ओम मंडळी म्हणत; हीच पुढे ब्रह्माकुमारी संस्था झाली. त्यांनी तरुण स्त्रियांची समिती नेमून आपली मालमत्ता तिच्या स्वाधीन केली. प्रमुखपद राधे यांच्याकडे आले. पुढे त्या 'मम्मा' झाल्या.

विरोध पेटला ब्रह्मचर्यावरून. भाईबंद समाजातले व्यापारी दीर्घकाळ परदेशातल्या पेढ्यांवर असत. ते घरी परतले की बायको शरीरसंबंध नाकारायची, मुलगी लग्नाला तयार होईना. सत्संगाला येताना घरच्यांच्या परवानगीची चिठ्ठी आणायचा नियम होता, तरी १९३८ मध्ये दाराशी निदर्शने झाली, प्रकरण कोर्टात गेले. मंडळी कराचीला हलली. १९३९ मध्ये सिंध सरकारने तिला बेकायदा ठरवले. पण कराचीच्या त्या बंदिस्त वर्षांतच स्वयंपाकापासून हिशेबापर्यंत सगळे या मुली शिकल्या. संस्थेचा खरा पाया तिथे पडला.

१९५० मध्ये मुक्काम माउंट अबूला आला. पैसा आटला, संस्थेत त्या काळाला आजही 'बेगरी पार्ट', म्हणजे कंगालीचा काळ, म्हणतात. नंतर बहिणींना शहरोशहरी पाठवणे सुरू झाले आणि केंद्रे उभी राहिली.

मम्मा १९६५ मध्ये गेल्या, ब्रह्माबाबा १८ जानेवारी १९६९ रोजी. गुरू गेला की पंथात फूट पडते, असा अनुभव आहे. इथे दादी प्रकाशमणी आणि दीदी मनमोहिनी यांनी सूत्रे घेतली, कारण कारभार आधीच बायकांकडे होता आणि बाबांच्या मुरल्या लिहून ठेवलेल्या होत्या. त्याच मुरल्या फिरून फिरून वाचल्या जातात. एका दिवशी सगळ्या केंद्रांत एकच. अर्थात, शिकवणीचा मूळ अधिकार एका पुरुषाच्या मुखातून आला, हेही नोंदवायला हवे. १९६९ नंतर 'अव्यक्त' मुरल्या, म्हणजे देह सोडलेल्या बाबांचे म्हणून मानले जाणारे संदेश, मात्र दादी हृदयमोहिनी यांच्या मुखातून आल्या.

दादी जानकी १९७४ मध्ये लंडनला गेल्या आणि परदेशातल्या कामाला वेग आला. सात दिवसांचा कोर्स, रोज साधारण तासभर, हे नवख्यांसाठीचे दार तिथेही तेच: आधी आत्मा, मग परमात्मा, पुढे पाच हजार वर्षांचे कालचक्र. योग, म्हणजे इथले ध्यान, उघड्या डोळ्यांनी करायचा. पहाटे चारच्या अमृतवेळी डोळे मिटले की डुलकी लागते. मन कोरे करण्याच्या खटपटीत विचार उलट वाढतात, म्हणून 'मी आत्मा आहे' हा एकच संकल्प धरायला सांगतात.

प्रकाशमणी २००७ मध्ये गेल्या, जानकी २०२० मध्ये, हृदयमोहिनी २०२१ मध्ये, रतनमोहिनी २०२५ मध्ये. चौघीही सिंधमधल्या त्या पहिल्या मुलींपैकी.