एका मैलावरची प्लेट: रँचवर यायच्या आधी एवढं वाचून घ्या

मैलावरच्या लोखंडी प्लेटवर रायफलने नेम मारायला बुकिंग केलंत, थँक्यू. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून एकदाचं लिहून काढलंय. गाडीत कुणीतरी मोठ्याने वाचा. वेस्ट टेक्सासचा रस्ता लांबलचक आहे, वेळ जाईल.

सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आम्ही कधी बंदूक हातात धरलेली नाही, नेम जमेल का?" जमतो हो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटरला ब्राँझ घेतलं ना, त्या टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा. तोच कोन एका मैलापर्यंत ताणत नेला तर गोल होतो साधारण ३३ सेंटिमीटरचा आणि आमची मैलावरची प्लेट आहे ३६ इंची, म्हणजे ९१ सेंटिमीटर. शिवाय तो गुडघ्यावर बसून, उभं राहून, रायफल कशावरही न टेकवता मारतो आणि तुम्ही इथे मॅटवर पालथे पडलेले, पुढे नळीखाली बायपॉडचे दोन पाय, मागे वाळूची पिशवी. तर नेम धरणं हा आमच्याकडचा सोपा भाग. घाम निघतो तो गोळी सुटल्यावर तिचं काय काय होणारे याचा आधी हिशोब करण्यात.

साधारण १५०० यार्डच्या पुढे गेलं की त्याला ईएलआर म्हणतात, म्हणजे एक्स्ट्रीम लाँग रेंज. न्यू मेक्सिकोत रॅटनला दोन मैलांपर्यंतची मॅच होते, तिथली नावाजलेली मंडळी पॉइंट ३७५ आणि पॉइंट ४१६ वाली (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) धूडं घेऊन येतात. आम्ही पॉइंट ३३८ लापुआ मॅग्नम देतो, तेवढं पुरतं. यूट्यूबवर पाहून बरेच जण वायोमिंगच्या ४.४ मैलवाल्या शॉटबद्दल विचारतात. २०२२ चा तो शॉट खरा आहे, ७७७४ यार्ड, पण ती ६९ वी गोळी होती हे व्हिडिओ पाहताना विसरायला होतं. रेकॉर्ड म्हणून भारीच, नाही कोण म्हणतंय, पण आम्हाला विचाराल तर मैलावर पहिल्याच गोळीला टण्ण वाजणं यात जास्त मजा आहे.

आता हिशोब. मैल कापायला आमच्या गोळीला अडीच सेकंदांच्या थोडं वरच लागतं, तेवढ्यात ती जवळजवळ ३० मीटर खाली येते, म्हणजे दहा मजली बिल्डिंगच्या गच्चीवर रोखायचं तेव्हा ती तळमजल्यावर लागणार. एवढं वर घ्यायला स्कोपची, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीची, फिरकी अपुरी पडू शकते म्हणून स्कोपखालची पट्टीच मुद्दाम तिरकी बसवलेली असते, ती बघून "हे वाकडं बसलंय" असं सांगणारे आतापर्यंत बरेच झाले. फिरकीची एक क्लिक म्हणजे मैलावर सहा इंच. काडतुसाकाडतुसात सेकंदाला दहा फूट वेगाचा फरक पडला तर तिकडे आठ-नऊ इंचाचा फरक, म्हणून काडतुसं आम्ही स्वतः भरतो, दारू दाण्यादाण्याने मोजून. आणि हो, पृथ्वी फिरते तेही धरावं लागतं, आपल्या अक्षांशावर मैलाला साधारण १५ सेंटिमीटर उजवीकडे. हे सगळं फोनमधलं अ‍ॅप काढून देतं, तुम्ही नुसतं फिरवायचं.

अ‍ॅपला कळत नाही ती वाट्टेल तशी फिरणारी हवा. ताशी एक मैलाच्या वाऱ्याने गोळी फूटभर तरी सरकते. हातातलं वारामापक यंत्र सांगतं ते तुमच्या नाकापाशी काय चाललंय ते, मधल्या घळीत वारा उलटा असला तरी त्याला पत्ता नाही. म्हणून दिवसाचा निम्मा वेळ तुम्ही रायफलला हातही लावणार नाही आहात, वेगळ्या दुर्बिणीला डोळा लावून मृगजळ बघत बसायचंय. खरंच, डांबरी रस्त्यावर उन्हात दिसतं तेच. दुर्बीण प्लेटच्या थोडी अलीकडे फोकस केली की हवा पाण्यासारखी लहरताना दिसते, लहरी सरळ वर उकळत असल्या तर आडवा वारा जवळजवळ नाही, तिरक्या झाल्या की हळू वारा, आडव्या पळायला लागल्या की जोरात. गेल्या खेपेला एक ताई आल्या होत्या, नवऱ्याच्या हट्टापायी. त्या दीड तास नुसत्या दुर्बिणीला चिकटून, वहीत बाण काढत बसल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "आता डावीकडे घ्या दोन क्लिक, मी सांगेन तेव्हा मारा." त्यांनी सांगितलं, नवऱ्याने चाप ओढला, धूळ उडाली, सगळे गप्प, प्लेटवर पांढरा ठिपका उमटला आणि आवाज यायला अजून साडेचार-पावणेपाच सेकंद. नवरा अजून सांगत फिरतोय की त्याने मारला.

आता कायद्याचं, हे नीट वाचा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक हाताळता येत नाही, रेंजवर भाड्याने घेतलेली सुद्धा. यातून सूट मिळते ती अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर. शिकार करायला पाहिजे असं नाही, लायसन्स पाहिजे. टेक्सासचं घेतलं असेल तर ते ३१ ऑगस्टला संपतं, जुलैत काढलेलं सप्टेंबरला चालत नाही, यावरून आम्ही लोकांना दारातून परत पाठवलंय आणि पुढेही पाठवू, राग मानू नका. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर हा प्रश्न नाही. भारतातून आलेले आई-बाबा खुशाल यावेत, मृगजळ बघावं, चहा घ्यावा, रायफलला हात नाही.

कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही, चष्मा कंपल्सरी. नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा ब्रेक असतो, त्यामुळे रायफल खांद्याला फार लागत नाही पण बाजूला उभं राहणाऱ्याच्या छातीत धडकी भरते, म्हणून लहान मुलं आणि गरोदर बायका ऑफिसपाशीच थांबतील. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर येऊ नका. जेवायच्या आधी हात साबणाने धुवा, शिसं असतं. पॅकेजमध्ये माणशी २० गोळ्या आहेत, जास्तीच्या हव्या असतील तर एक सात डॉलरला. महाग वाटतं, आहेच महाग.

आणि शेवटचं, कारण हे जवळजवळ प्रत्येक जण करतो. रिकामी पुंगळी आठवण म्हणून खिशात टाकता, ती बॅकपॅकच्या कोपऱ्यात राहते आणि डिसेंबरात तीच बॅग घेऊन तुम्ही मुंबईला जाता. एअरपोर्टला स्कॅनरमध्ये दिसली तर आर्म्स अ‍ॅक्टच्या भानगडीत लग्नाला जायचं राहील. पुंगळ्या टेबलाखालच्या निळ्या बादलीत टाका, आठवणीला आम्ही प्लेटसोबत फोटो काढून देतो.