नियंत्रणकौशल्याचे प्रतिमान

सतत बदलणारी आणि उशिरा दाद देणारी यंत्रणा निष्णात माणूस कशी हाताळतो, हे गणिताने किंवा संगणकावर मांडलेले प्रारूप. वैमानिक, भट्टीचालक, धरणाचे दरवाजे हलवणारे अभियंते हे त्याचे नेहमीचे विषय.

नाशिककरांना जवळचे उदाहरण गंगापूर धरणाच्या विसर्गाचे. त्र्यंबक-अंबोलीकडे पाऊस कोसळला की धरणातला येवा, म्हणजे आत येणारे पाणी, उशिराने वाढतो. सोडलेले पाणी शहरातल्या होळकर पुलाशी पोचायलाही वेळ लागतो. विसर्ग क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी यात, मोजतात; 1000 क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28,300 लिटर, दिवसभरात 86.4 दशलक्ष घनफूट. दरवाजा तेवढाच उघडा ठेवला तरी पाण्याचा दाब वाढला की विसर्ग वाढतो, आणि शहरातल्या नाल्यांचे पाणी वेगळेच. गोदाकाठी पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून जोखतात: गुडघा, कंबर, छाती. दरवाज्यावरच्या माणसाला तेवढ्यावर भागत नाही. मारुतीच्या कमरेला लागलेले पाणी त्याने केव्हाच सोडलेले असते.

नवखा दरवाजे उचलतो, फरक दिसेना म्हणून आणखी उचलतो, मग घाईने पाडतो. पातळी हेलकावत राहते. मुरलेला माणूस आधीच थोडे सोडतो, टप्प्याने वाढवतो आणि थांबतो. हे थांबणे प्रतिमानात आणणेच अवघड. क्रॉसमन व कुक या संशोधकांनी 1962 मध्ये गरम पाण्याच्या टाकीचे तापमान हाताने राखण्याच्या प्रयोगांतून अशा संथ यंत्रणांचा अभ्यास केला. गोन्झालेझ, लर्च व लेबियर यांच्या 2003 च्या प्रतिमानात नियंत्रक सूत्र सोडवत नाही. परिस्थिती, कृती आणि फळ असे जुने प्रसंग आठवून त्यांतल्या जुळणाऱ्यावरून ठरवतो.

प्रतिमान बांधताना येवा, पातळी, दरवाज्यांची उघड आणि प्रत्येक आदेशाची वेळ एकाच घड्याळावर नोंदवावी लागते. फोनवर आलेला पावसाचा निरोपही. तो सुटला, तर माणसाची दूरदृष्टी निव्वळ नशीब वाटते. परिचालन सूची, म्हणजे दरवाजे केव्हा व किती उघडायचे याचे लेखी नियम, जशीच्या तशी उतरवून काम झाले समजणे ही आळशी चूक. त्याहून छुपी चूक आकडेमोडीत असते: माणूस आणि यंत्रणा एकमेकांत गुंतलेली असल्याने नोंदी सरळ ताडून पाहिल्या, तर हाती येते ते माणसाचे वागणे नसून यंत्रणेचेच उलटे सूत्र. म्हणून बाहेरून येणारा बदल, म्हणजे इथे पाऊस, स्वतंत्र मोजावा आणि चाचणी प्रतिमानाच्या बांधणीत न वापरलेल्या पुरावर घ्यावी. प्रतिमानाने केवळ अंतिम पातळी जुळवून भागत नाही. माणूस जिथे चुकतो, तिथे त्यानेही तशाच प्रकारे चुकले पाहिजे.