ट्रेलर दाखवा आणि गप्प बसा

(विद्यार्थी फिल्मच्या ट्रेलरचं फायनल एडिट करायला येणाऱ्यांसाठी आमच्या एडिट रूमचं माहितीपत्रक)

ट्रेलर घेऊन आमच्याकडे येणारी मंडळी दोन प्रकारची. एकांनी तो कुणालाच दाखवलेला नसतो. दुसऱ्यांनी दिसेल त्याला दाखवलेला असतो आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट सोबत आणलेले असतात: "भारी!", "एक नंबर", "कडक रे", आणि मधेच एका मामांचं "प्रयत्न चांगला आहे". आमच्या दृष्टीने दोघेही सारखेच. "भारी" म्हटलं म्हणून टाइमलाइनवर कट कुठे मारायचा ते काही कळत नाही. फायनलला बसण्याआधी प्रेक्षकांकडून काय आणि कसं काढून घ्यायचं, ते या पत्रकात लिहिलं आहे.

कुणाला दाखवायचा

युनिटमधल्या कुणालाही नाही. सेटवर ज्याने नुसता चहा वाटला त्यालाही गोष्ट ठाऊक असते आणि ट्रेलरमधल्या फटी तो मनातल्या मनात बुजवून घेतो. कॉलेजच्या ग्रुपचंही तेच. भरत नाट्य मंदिरात "आव्वाज कुणाचा" म्हणून छत डोक्यावर घेणारी पोरं तुमचीच असतात; ती हवीतच, फक्त या कामाला नकोत.

पुण्यात आणखी एक पंचाईत आहे. प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४ पासून शहरात फिल्म अर्काइव्हही आहे. त्यामुळे लॉ कॉलेज रोडच्या कुठल्याही टपरीवर सिनेमावर अधिकारवाणीने बोलणारा कुणीतरी भेटतोच. त्याला तर मुळीच दाखवू नका. तुमच्या ट्रेलरबद्दल विचाराल आणि तो स्वतःच्या डोक्यातला ट्रेलर सांगत बसेल.

मेसमध्ये समोर जेवायला बसणारा मुलगा, पीजीच्या काकू, शेजारच्या इमारतीतले निवृत्त गृहस्थ, असे लोक चालतील. तुमची फिल्म ज्यांनी पाहावी असं वाटतं, त्यांच्यापैकी निदान दोघे-तिघे त्यात असू द्यात. एका कटला, म्हणजे ट्रेलरच्या एका आवृत्तीला, पाच-सहा जण पुरतात. मात्र ओळखीचे सगळे पहिल्याच फेरीत संपवू नका. ट्रेलर कोऱ्या डोळ्यांनी एकदाच पाहता येतो, म्हणून दुसऱ्या कटसाठी वेगळी माणसं राखून ठेवा.

आधी वेलांट्या

दाखवण्यापूर्वी ढोबळ चुका काढून टाका. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीचं सेटिंग नीट नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. पुण्यातल्या प्रेक्षकाला गोष्टीआधी तेच दिसतं आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही शुद्धलेखनावर ऐकून घेता. टायटल पडद्यावर किती वेळ ठेवायचं? मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका.

कसा दाखवायचा

मोबाइलवर, मोबाइलच्याच स्पीकरवर. बहुतेक जण तुमचा ट्रेलर तसाच पाहणार आहेत. हेडफोनवर छाती दडपून टाकणारी ती खर्जातली घुमघुम फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. सगळा ताण तिच्यावरच उभा केला असेल तर तो तिथल्या तिथे गळून पडलेला दिसेल.

सुरू करण्याआधी काही बोलू नका. "साउंड अजून बाकी आहे हं" हेसुद्धा नको. ते ऐकल्यावर माणूस तुमची बाजू सांभाळून घ्यायला लागतो. ट्रेलर चालू असताना पडद्याकडे नाही, चेहऱ्याकडे पाहा. नजर कुठे हलली, हात दुसऱ्या नोटिफिकेशनकडे कधी गेला, ती वेळ टिपून ठेवा.

मग विचारा. "आवडला का?" हा प्रश्न सोडून काहीही विचारा. समोरासमोर आपल्याकडे कुणी "नाही" म्हणत नाही, "छान आहे" म्हणतात आणि चहा मागवतात. त्याऐवजी: ही कुणाची गोष्ट आहे? ही माणसं एकमेकांची कोण? पुढे काय होईल असं वाटतं? कुठे कंटाळा आला? दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच विचारा: कुठला शॉट आठवतोय? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. उत्तरं ऐकताना खुलासा करू नका. सिनेमाघरात प्रत्येक खुर्चीशेजारी तुम्ही बसणार नाही आहात.

तक्रार एकीकडे, दुखणं दुसरीकडे

प्रेक्षकाची तक्रार बहुधा खरी असते, त्याने सुचवलेला इलाज मात्र क्वचितच. पेठेतला वाडा विकायला निघालेल्या दोन बहिणींची एक फिल्म आमच्याकडे आली होती, दीड मिनिटाचा ट्रेलर. पाहणारे एकजात म्हणत होते, "मधे संथ होतो, जरा कापा." मुलं मधले तीन शॉट उडवायला निघाली. पण "या दोघी कोण?" असं विचारल्यावर बहुतेकांनी मोठीला आई ठरवलं होतं. मग मधल्या भांडणात काय पणाला लागलंय ते त्यांना कळणार कुठून? धाकटीचा एक वाक्यभर संवाद एक मिनिटानंतर होता: "ताई, चावी तुझ्याकडेच राहू दे." तो उचलून अकराव्या सेकंदाला, बंद दाराच्या शॉटवर ठेवला. मधली एकही फ्रेम कापली नाही. पुढच्या फेरीत नव्या लोकांपैकी कुणीही "संथ" हा शब्द काढला नाही.

म्हणून तक्रार ज्या सेकंदाला आली, त्याच्या मागे जाऊन शोधायची सवय लावा. "म्युझिक बदला" याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो, की म्युझिक पहिल्या शॉटपासून एकाच पट्टीत वाजतंय आणि कुठे थांबतच नाही. "काहीच कळलं नाही" आणि "पुढे काय होतं ते बघायचंय" यांत फरक करा. दुसरं वाक्य आलं की हात लावू नका. आणि सगळ्यांनी शेवट बरोबर ओळखला, तर ट्रेलरने फिल्मच सांगून टाकली आहे.

एका गोष्टीला मतमोजणी लागत नाही. "शब्द ऐकू आला नाही" असं एकाने जरी म्हटलं, तरी ते दुरुस्त करायचं. सगळाच आवाज वाढवून भागत नाही, कारण यूट्यूब फार मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास आपणहून खाली आणतं. संवादाच्या जागी संगीत खाली घ्यावं लागतं.

आकडे

यूट्यूबवर अनलिस्टेड (ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसणारा) व्हिडिओ टाकला की प्रेक्षक कुठे सोडून गेले त्याचा आलेख मिळतो. पाहणारे भरपूर असतील तरच तो बोलका असतो. पंधरा मित्रांच्या आलेखावरून शॉट कापणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. लाइकवरून तर काहीच ठरवू नका.

ऐकायचं नाही ते

"एवढी उदास नको, थोडी कॉमेडी टाका." ही आवड झाली, तक्रार नव्हे. तुमची फिल्म उदास असेल तर ट्रेलरही उदासच असू दे. हसऱ्या ट्रेलरला भुलून आलेला प्रेक्षक फिल्म बघताना चिडतो. फिल्ममध्ये नसलेला मूड कापून जोडून द्यायचं काम आम्ही घेत नाही. मार्गदर्शक सरांचं किंवा मॅडमचं म्हणणं वेगळ्या कागदावर लिहून आणा. त्यांना गुण द्यायचे आहेत, आणि तेही महत्त्वाचं आहेच.

आमच्याकडे येताना

प्रेक्षकांचे शब्द जसेच्या तसे, शेजारी टाइमकोड, म्हणजे ट्रेलरमधली नेमकी वेळ. "लोकांना पेस आवडला नाही" असा गोषवारा नको. "इथे मी फोन बघितला, ०:३८" हे हवं. त्यावर एकत्र बसून एक कट करू, तो तुम्ही राखून ठेवलेल्या लोकांना दाखवायचा, मग दुसरा कट. ही दोन्ही बसणी ठरलेल्या दरात येतात. त्यानंतर पिक्चर लॉक, म्हणजे शॉटचा क्रम आणि लांबी कायमची ठरली. लॉकनंतर एक शॉट जरी हलवला तरी त्याच्या पुढचा सगळा साउंड आणि कलर सरकतो, म्हणून त्याचे पैसे वेगळे पडतात. आधी सांगितलं नाही असं म्हणू नये.

गाजलेल्या सिनेमाचं गाणं खाली लावून आणू नका. अपलोड करताच हक्काचा दावा येऊ शकतो आणि प्रेक्षकही तुमच्या फिल्मऐवजी त्या गाण्याला दाद देतात. मूळ फुटेज, संवादांचे वेगळे ट्रॅक आणि प्रोजेक्ट फाइल, तिन्ही हार्ड डिस्कवर हवं. फेस्टिव्हलच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री आलात तर एक्सपोर्ट करून देऊ, एडिट नाही. दुपारी एक ते चार आम्ही उघडे असतो.