सेकंडहँड फास्ट गाडी बघायची तर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता

माझ्या मावसभावाला मागच्या वर्षी एकदम स्पोर्ट्स कारचं वेड लागलं. नवीन घ्यायची ऐपत नाही म्हणून सेकंडहँड. आणि अटी तर बघा, रोज धरमपेठेतून मिहानला ऑफिसला जाता आलं पाहिजे, समृद्धीवर मजा आली पाहिजे आणि वर्षातून एक-दोनदा रेसिंग ट्रॅकवरही नेता आली पाहिजे. आता ट्रॅक म्हणजे आपल्या नागपूरजवळ काहीच नाही, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घ्या नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई, दोन्हीकडे हजार-अकराशे किलोमीटर गाडी हाकत जायचं, तिथे दिवसभर तिला पिळायचं आणि त्याच गाडीत बसून घरी परत यायचं.

भावाने एक्सेल शीट केली होती. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २३० घोडे (हॉर्सपॉवर). मिनी कूपर एस, १९२ घोडे. आणि सगळ्यात खाली, नुसतं बघायला, जुनी पोर्शे केमन. मी म्हटलं यात गरमीचा एक कॉलम टाक. तो म्हणाला, काय बे, एसी तर सगळ्यांनाच आहे.

एसीचं नाही रे बाबा. पेट्रोल इंजिनात जळलेल्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच चाकं फिरवायच्या कामी येते, बाकी सगळी उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. २३० घोडे म्हणजे १७० किलोवॅट, म्हणजे पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की त्याच वेळी ३०० किलोवॅटच्या वर नुसती उष्णता तयार होत असते. बाथरूममधला गीझर २ किलोवॅटचा असतो, आता असे दीडशे गीझर बॉनेटखाली एकदम चालू आहेत असं समजा. रस्त्यावर कोणी कितीही उडवली तरी पूर्ण अॅक्सिलरेटर पाच-सहा सेकंदांच्या वर टिकत नाही, पुढे ट्रक येतो, गाय येते, टोल येतो. ट्रॅकवर मात्र अर्ध्याहून जास्त लॅप पाय तळाला असतो, आणि तेच परत परत. म्हणून रस्त्यावर दहा वर्षं गुण्यागोविंदाने चाललेली गाडी ट्रॅकवर पंधराव्या मिनिटाला हात वर करते.

आणि हे झालं फक्त इंजिनचं. ब्रेकचा हिशोब तर मला जास्त आवडतो. बुद्धला एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, त्याच्या शेवटी आपली गाडी २०० च्या आसपास असेल आणि पुढच्या वळणासाठी ती ८० वर आणायची आहे. ड्रायव्हर धरून वजन १५०० किलो. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, नववीतलं सूत्र, ते लावलं की दोन वेगांतला फरक येतो १९ लाख ज्यूलच्या वर. एवढ्या ऊर्जेत नळाचं ३० डिग्रीचं साडेसहा लिटर पाणी उकळीला येतं. घरच्या गॅसवर त्याला वीसेक मिनिटं तरी जातील, गाडीचे ब्रेक तेच काम चार सेकंदांत करतात. थोडंफार हवा खाते, पण बाकीचा मोठा हिस्सा पुढच्या चाकांच्या दोन ब्रेक डिस्कवर येतो आणि दहा किलोची लोखंडी डिस्क अशा एका ब्रेकमध्ये दीडशे डिग्रीच्या जवळपास वर चढते. मग थोडं थंड व्हायला वेळ मिळतो न मिळतो तोच पुढचं वळण.

ही गरमी ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ऑइल आपण नुसतं म्हणतो, ते ऑइल नसतंच, ग्लायकॉलवर आधारलेला द्रव असतो आणि त्याला हवेतला ओलावा शोषून घ्यायची खोड असते. नवीन डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही. त्यातच ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे किमान हद्द १५५ वर येते, आणि आपल्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षं काढलेलं ऑइल त्या दिशेनेच चाललेलं असतं. ते उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणजे तुम्ही पेडल दाबता आणि ते स्पंजसारखं आत जातं, गाडी तशीच पुढे. दुसरा प्रकार पॅड जास्त तापण्याचा, त्यात पेडल दगडासारखं कडक लागतं पण गाडी थांबत नाही. दोन्हीत फरक आहे, टेस्ट ड्राइव्हला पायाला नक्की काय जाणवलं ते लक्षात ठेवा.

डिस्क बघायची असेल तर गाडी थंड असताना चाकाच्या जाळीतून बोट घाला आणि कडेवरून नख फिरवा. नख अडकण्याएवढा उंबरठा लागला तर डिस्क झिजली आहे. पृष्ठभागावर निळसर-जांभळी झाक किंवा केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ती खूप तापलेली आहे, मग मालक कितीही शपथा घेऊ दे की फक्त लेडीज चालवत होत्या.

आता मे महिन्यातली दुपार. पहिली व्हीआरएस आम्ही वर्धा रोडच्या एका डीलरकडे बघितली. फोनवर मी दोनची वेळ मागितली तर तो म्हणे, "काहून एवढ्या उन्हात येता भाऊ, सहानंतर या ना, आरामात चालवून पाहा." नेमकं हेच मला नको होतं. ४५ डिग्रीच्या हवेत २५ डिग्रीच्या हवेपेक्षा सहा टक्के ऑक्सिजन कमी असतो, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला ती तूट भरायला जास्त दाबावं लागतं, दाबलेली हवा आणखी तापते, आणि गरम हवेमुळे पेट्रोल वेळेआधी पेटायचा धोका झाला की गाडीचा कॉम्प्युटर स्पार्क थोडा उशिरा देतो आणि ताकद कापतो. म्हणजे कूलिंगमधलं सगळं दुखणं याच वेळी वर येतं, संध्याकाळी साडेसहाला फुटाळा तलावाच्या वाऱ्यावर सगळ्याच गाड्या छान वाटतात.

त्यात डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर जाऊ नका. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये तो काटा मुद्दाम ९० वर बसवलेला असतो, खरं तापमान ७५ असो की १०७, तो आपला ९० वर ध्यान लावून. म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं हजार-दीड हजाराचं ओबीडी स्कॅनर घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा आणि मोबाईलवर खरे आकडे बघा. आम्ही तसंच केलं. एसी फुल, व्हरायटी चौकाच्या सिग्नलला काटा ९० वर आणि मोबाईलवर ९६, ९९, १०३, १०७, आणि रेडिएटरच्या फॅनचा आवाजच नाही. भाऊ मोबाईल बघत होता, डीलरचा पोरगा खिडकीबाहेर. परत येऊन बॉनेट उघडलं तर इंजिनवरच्या प्लॅस्टिकच्या थर्मोस्टॅट हाउसिंगखाली गुलाबी पापुद्रा वाळलेला, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) झिरपून सुकलेलं. या इंजिनांचं हे हाउसिंग गळण्याबद्दल प्रसिद्धच आहे, ट्रॅकवर नेली असती तर उरलेलं कूलंट तिथेच सांडलं असतं.

निघता निघता मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. ही सवय लावून घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, आणि त्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. डीलर कार्पेट बदलतो, सेंट मारतो, पण बेल्टच्या गुंडाळीच्या आतला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे मातीची रेघ दिसली तर नमस्कार करून निघायचं. आमच्या वेळी बेल्ट स्वच्छ होता, हेही सांगायला हवं.

टायरबद्दल थोडक्यात. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर घर्षणाचा गुणांक १ धरला तर गाडी जास्तीत जास्त ८० ने जाऊ शकते आणि त्या गणितात घोडे कुठेच येत नाहीत, फक्त रबर येतं. वजनही कागदावर कटून जातं, पण खऱ्या टायरवर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, म्हणून हलकी गाडी वळणावर पुढे निघते आणि भावाच्या यादीतली १९२ घोड्यांची मिनी तिथे कमी समजायची नाही (मावशीला मागे बसता येत नाही म्हणून ती बाद झाली, तो भाग वेगळा). टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, १४१८ म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा-सात वर्षांत आपल्या उन्हात रबर कडक होतं. आणि समृद्धीवर १२० च्या मर्यादेतही टायर ४० डिग्रीने तापला तर ३३ चं प्रेशर ३९ च्या पुढे जातं. नायट्रोजन भरला तरी तेच, हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

केमनची चौकशी भावाने हौस म्हणून केलीच. २००८ पर्यंतच्या त्या इंजिनांत आतल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग तुटायची भानगड होती, २००९ पासून नव्या इंजिनात ते बेअरिंगच काढून टाकलं. पण पोर्शेची एक गोष्ट मला फार आवडते, तिच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं याची सहा टप्प्यांत नोंद राहते. चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर काहीच करू शकत नाही, कारण तो पेट्रोल तोडतो, पण इथे चाकंच इंजिनला फिरवत असतात. ती नोंद काढून दिल्याशिवाय अशी गाडी घ्यायची नाही. आणि इन्शुरन्सचंही माहीत असू द्या, आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च आपल्या खिशातून.

शेवटी तिसरी व्हीआरएस घेतली, एका रिटायर्ड गृहस्थांची, त्यांनी स्वतःच दुपारी बोलावलं. त्याच चौकात १०१ ला फॅन सुरू झाला आणि आकडा ९४ वर उतरला. मागचे टायर १४१८ चे निघाले, त्यावर भाव पाडून घेतला. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणून हिंगणा रोडच्या आमच्या मिस्त्रीने ब्रेक ऑइल काढलं, बिसलेरीच्या बाटलीत. नवीन ऑइल फिकट पिवळं असतं, हे कडक चहासारखं होतं. फाइलमधल्या बिलावर मात्र सहा महिन्यांपूर्वी बदलल्याची तारीख होती.