निळं पाणी, चार मिनिटं आणि दोन बाटल्या

१९८७ साली अमेरिकेत, मेरीलँडमधल्या चेस गावाजवळ मालगाडीची इंजिनं प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि १६ जण गेले. इंजिनावरच्या माणसांनी गांजा ओढला होता. पुढे १९९१ च्या कायद्याने ट्रक, रेल्वे, विमान चालवणाऱ्यांना अमली पदार्थांची चाचणी सक्तीची झाली. आपल्याकडेही ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अशी तपासणी होते.

प्रयोगशाळेतली यंत्रं कितीही तल्लख असोत, बाटलीत लघवीच भलत्याची असेल तर ती काय करणार? म्हणून अमेरिकेच्या परिवहन खात्याने नमुना घेण्याची रीत बारकाईने ठरवून दिली आहे. कोट, पिशवी बाहेर. खिसे रिकामे. हात धुवायचे, कारण नखांत दडवलेली पूडसुद्धा नमुना नासवते. मग संडासातले नळ बंद आणि कमोडच्या पाण्यात निळा रंग. त्यातलं पाणी पेल्यात ओतलं की लगेच कळतं. एवढं झाल्यावर मात्र आत एकट्यालाच जाऊ देतात.

पेला हाती आल्यावर चार मिनिटांच्या आत त्याच्यावरच्या पट्टीत तापमान बघतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअस हवं. घरून आणलेली लघवी इथेच पकडली जाते. काही महाभाग ती काखेत दाबून आणतात म्हणे! तापमान चुकलं की लगेच दुसरा नमुना, आणि या खेपेला निरीक्षक समोर उभा.

किमान ४५ मिलिलिटर लागते. होतच नसेल तर तीन तासांची मुदत आणि सव्वा लिटरच्या आतबाहेर पाणी. त्याहून जास्त ढोसून लघवी पातळ करायची म्हटलं तर क्रिएटिनिन चुगली करतं. स्नायूंतून येणारा हा पदार्थ रोज जवळपास सारखाच बाहेर पडतो. डेसिलिटरमागे तो २० मिलिग्रॅमच्या खाली गेला आणि घनताही उतरली, तर नमुना पातळ ठरतो.

मला सगळ्यात पटतो तो शेवटचा टप्पा. चाचणी देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ३० आणि १५ मिलिलिटरच्या दोन बाटल्या भरून सील करतात, सीलवर तो स्वतः आद्याक्षरं करतो. तोवर पेला त्याच्या नजरेआड होता कामा नये. अहवाल विरोधात गेला, तर कळवल्यापासून ७२ तासांत तो दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासायला लावू शकतो.