धोरण व विधेयक-देखरेख (सोलापूर)

शासकीय धोरणे, नियमांचे मसुदे व विधिमंडळापुढील विधेयके अमलात येण्यापूर्वी वाचणे, त्यांचे परिणाम ताडून पाहणे आणि मुदतीत हरकती व सूचना दाखल करणे, असे या कामाचे स्वरूप असते. सोलापुरात ते मुख्यतः कामगार संघटना, यंत्रमागधारक, वकील व पत्रकार करीत आले आहेत.

या परंपरेचे मूळ पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या (1870) अर्ज-विनंत्यांच्या राजकारणापर्यंत नेता येते. तथापि सोलापूरपुरते पाहता ते गिरणी कामगारांच्या चळवळीशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण येथे कायद्याचा पहिला फटका गिरणगावालाच बसला. मे 1930 मधील उठावानंतर शहरात लष्करी कायदा पुकारला गेला व त्यासाठी ‘शोलापूर’ हे नाव धारण करणारा वटहुकूम निघाला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आली.

सोलापूरच्या नावाचा दुसरा वटहुकूम गिरणीसाठी होता. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी म्हणजेच जुनी मिल (आरंभ बहुतेक नोंदींनुसार 1877) ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली. 9 जानेवारी 1950 रोजी, राज्यघटना अमलात येण्यास अवघे काही दिवस उरले असताना, केंद्राने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. पुढे त्याच वर्षी संसदेने तसा अधिनियम केला. एकाच कंपनीपुरता कायदा समानतेच्या हक्काचा भंग करतो काय, हा प्रश्न कंपनीचे भागधारक चिरंजीतलाल चौधरी यांच्या खटल्यात (1950) सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कायदा घटनात्मक असल्याचे गृहीत धरावे व तो तसा नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर असावा, या भूमिकेतून तीन विरुद्ध दोन मतांनी याचिका फेटाळली गेली. सरकारनियुक्त संचालकांनी प्रत्येक अग्रहक्क भागामागे (प्रेफरन्स शेअर) भागधारकांकडे आणखी 50 रुपयांची मागणी केली, तेव्हा मात्र द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात (1953) न्यायालयाने हा कायदा मालमत्तेच्या हक्काविरुद्ध ठरवला. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हाही होता. भागधारकांना निदान न्यायालय गाठता आले. गिरणीत घाम गाळणाऱ्यांना ना वटहुकुमापूर्वी विचारले गेले, ना खटल्यात त्यांची बाजू मध्यवर्ती ठरली. देखरेख कायदा होण्याआधीच का हवी, हे या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

आजची कार्यपद्धती थोडक्यात अशी. केंद्राच्या 2014 च्या पूर्वविधायी विचारविनिमय धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवणे अपेक्षित आहे, पण ते पाळले जाईलच असे नाही. राज्यात नियमांचे मसुदे राजपत्रात छापून हरकती मागवतात. विधेयकांवर जनतेचे म्हणणे प्रामुख्याने विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेल्यास ऐकले जाते. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर अशा समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै 2025 मध्ये ते मंजूर झाले.

शहराच्या पूर्व भागातील बिडी कामगार महिलांपुढे हा प्रश्न रोजच्या मजुरीचा आहे. हजार बिड्यांमागे मजुरी मिळते आणि कारखान्यात माल पारखताना किती बिड्या नापास होतात, यावर हातात पडणारी रक्कम ठरते. 1966 च्या बिडी व सिगार कामगार अधिनियमात कच्चा माल, नापास बिड्या आणि त्यांची मजुरी या तीन बाबींवरील तंटे सोडवण्याची स्वतंत्र तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या, जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या श्रमसंहितांत हा अधिनियम विलीन झाला. म्हणून नव्या नियमांत या तीन बाबींना कोठे व कशी जागा मिळते, हे ओळ न् ओळ तपासणे अगत्याचे आहे. जानेवारी 2021 मध्ये अभिप्रायार्थ ठेवलेल्या तंबाखूविषयक कायद्याच्या दुरुस्तीच्या मसुद्यात तंबाखू खरेदीसाठीचे किमान वय 18 वरून 21 करणे व सुट्या विक्रीवर बंदी हे प्रस्ताव होते. आरोग्याचा हेतू रास्तच. परंतु पर्यायी रोजगाराचा विचार त्यासोबतच व्हायला हवा. या महिलांपैकी अनेकींची मातृभाषा तेलुगू असल्याने मराठी-इंग्रजी मसुदा तोंडी समजावून सांगणारा कार्यकर्ता येथे अपरिहार्य ठरतो.

हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा 1985 चा कायदा यंत्रमागधारकांच्या नजरेखाली असतो. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. जिल्ह्यात, वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे (बडव्यांचे) हक्क संपवणाऱ्या पंढरपूर मंदिरे अधिनियम, 1973 वरील न्यायालयीन वाद 2014 पर्यंत चालला.